उभी राय माये

दरवर्षी जुलैच्या शेवटी आमच्या रेडिओ स्टेशनचा वाढदिवस असतो आणि दरवर्षी संस्थेचे अध्यक्ष डोमाजीभाऊ माइकसमोर बसून स्टेशनचा इतिहास सांगतात. तो इतिहास ऐकला की माझं डोकं तडकतं. त्यात डोमाजीभाऊंना स्वप्न पडतं, डोमाजीभाऊ दिल्लीला खेटे घालतात, डोमाजीभाऊ टॉवर उभा करतात आणि मग आरमोरीच्या आसपासची सगळी गावं आनंदानं डोलू लागतात. भर उन्हात त्या टॉवरवर चढून ज्यानं तारा ओढल्या त्या अश्विनचं त्यात नाव नाही. रोज सकाळी ‘नमस्कार, रेडिओ बांधी’ म्हणून गावं उठवणाऱ्या माझं नाव नाही. आणि जिच्या आवाजामुळे लोक हे स्टेशन ओळखू लागले ती ठमाबाई त्यात फक्त ‘एक ग्रामीण महिला’ आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

मी खुशबू. आता मी स्टेशनात नाही, मला काढून टाकलं. त्यामुळे खरं सांगायला मोकळी आहे, आणि सांगणार आहे.

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी साचवलेलं. रेडिओला ते नाव मी सुचवलं होतं. अध्यक्षांच्या इतिहासात ते त्यांना देवपूजा करताना सुचलेलं आहे. सुरुवातीला नावाचा आणि कार्यक्रमांचा काही संबंधच नव्हता. परवानगी मिळाली होती शेती, आरोग्य आणि शिक्षणासाठी, म्हणून दिवसभर तेच चालायचं. कुणी साहेब यायचे आणि करपा रोगावर अशा आवाजात बोलायचे की करप्यालाही जांभई यावी. ऐकत कुणीच नव्हतं. स्टेशनचा फोन वाजला तर तो राँग नंबर असायचा.

अश्विन आमच्याच मोहल्ल्यातला. बुद्धविहाराच्या मागं त्याचं घर. जयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडायचा आणि पावसाळ्यात रिकामा असायचा. स्टेशनातलं काहीही बिघडलं की त्यालाच बोलवावं लागायचं, म्हणून शेवटी संस्थेनं त्याला कामावरच ठेवून घेतलं. एका दुपारी मधुमेहावर बोलायला येणारे डॉक्टर आले नाहीत. माइक उघडा, समोर खुर्ची रिकामी. अश्विननं गिटार जोडली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि अहेरीच्या कधीच वेळेवर न येणाऱ्या एसटीवर एक गाणं ओरडून म्हटलं. गाणं संपायच्या आत फोन वाजला. पलीकडून एक माणूस म्हणाला, “भाऊ, मी आत्ता स्टॅन्डवरच बसून आहो. अजून एकदा म्हणा.”

तिथून ‘दुपारचा दणका’ सुरू झाला. रॉक म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याच्याकडे ढोल आहे आणि ज्याला कशाचा तरी राग आहे त्यानं यावं, एवढाच आमचा नियम. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली मुलं आली, अहेरीच्या जंगलातून कोलू नावाचा एक जण आला आणि गोंडीत असं काही गायला की काच थरथरली. शेळ्या नेणाऱ्या वाघावर गाणी झाली, लोहखनिजाच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीवर झाली. एका पोरीनं तर दहावीच्या गणिताच्या पेपरवर गाणं केलं. डोमाजीभाऊंना हा सगळा धिंगाणा वाटायचा. पण पानटपरीपासून तहसील कचेरीपर्यंत लोक ऐकू लागले, तेव्हा तोच धिंगाणा ‘लोकजागर’ झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

आता ठमाबाईचं.

ठमाबाई जांभूळटोल्याची. रोवणीच्या टोळीची म्होरकी. ज्यांनी कधी रोवणी केली नाही त्यांना सांगते. बाया एका रांगेत कमरेत वाकतात, हातातली पऱ्ह्याची, म्हणजे कोवळ्या रोपांची, पेंढी सुटी करत एकेक रोप चिखलात खोवतात आणि मागं मागं सरकत जातात. चेहरा पाण्याकडे, पाठ आभाळाकडे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मध्येच एखादी उभी राहिली तर तिची पात तुटते, शेजारणींना थांबावं लागतं. म्हणून आमच्याकडे नेम आहे की आपल्या मनानं कुणी उभं राहायचं नाही. गाणं उभं करील तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं. जी आधी उभी राहील तिनं दिवसभर सगळ्यांच्या पेंढ्या वाहायच्या, आणि ‘मोडकी’ हे नाव वर्षभर तिला चिकटतं ते वेगळंच.

ठमाबाईचं गाणं उभं करणारं होतं.

*चिखलाच्या पोटी बाई लावते हिरवा जीव,*
*उभी राय माये, आता कमरेची घे कीव…*

‘कीव’ वर ती सूर सोडायची. सगळी रांग सरळ व्हायची. हात कमरेवर, तोंड वर. मग काहीच नाही. नुसतं पाणी आणि बगळे. ही शांतता किती वेळ चालायची? ते ठरलेलं नव्हतं. ठमाबाई रांगेवरून नजर फिरवायची, जी सगळ्यात थकलेली दिसेल तिच्यावर थांबायची, आणि तिचा श्वास जागेवर आला की पुढची ओळ उचलायची. कधी लवकर, कधी उशिरा. मालक धुऱ्यावरून कितीही खाकरला तरी पुढची ओळ त्याच्यासाठी यायची नाही.

हे गाणं ऐकून अश्विन वेडा झाला. तिला घेऊन स्टेशनात आला. ठमाबाईनं हेडफोन लावले, गोधडी ठोकलेल्या भिंती पाहिल्या, माइक पाहिला, आणि गप्प बसली.

“म्हणा ना, बाई,” अश्विन म्हणाला.

“कोणासाठी म्हणू? वाकलेली बाई दिसल्याबिगर मले कसं समजन, कधी थांबाचं अन् कधी उचलाचं?”

झालं. मी आणि अश्विनची बहीण हर्षा, दोघी स्टुडिओच्या सतरंजीवर कमरेत वाकलो. हर्षा नर्सिंगला होती, नुकतीच ड्युटीवरून आलेली. ठमाबाई गायला लागली. अश्विननं गिटार अशी धरली की आम्ही वाकलेल्या असताना ती करवतीसारखी चालायची, आणि ‘कीव’ आलं की हात तारांवर सपाट ठेवून सगळं बंद. त्या बंदमध्ये हर्षाचा श्वाससुद्धा रेकॉर्ड झाला. हर्षा हसत होती, कण्हत होती, आणि ठमाबाई तिच्याकडे पाहत थांबली होती. रेकॉर्डिंग झाल्यावर अश्विन म्हणाला, “एवढं मोठं गाणं मी जन्मात केलं नाई,” आणि डोळे पुसले. मीही पुसले. हर्षा कंबर चोळत होती.

त्या पावसाळ्यात ‘उभी राय’ नं धुमाकूळ घातला. आरमोरीच्या बाजारात ती शांतता आली की भाजीवाल्या हात कमरेवर ठेवायच्या. ट्रकवाले स्टिअरिंग सोडून पाठ ताणायचे, देवाची कृपा की रस्ता सरळ होता. आणि बांध्यांमध्ये? धुऱ्यावर फोन ठेवून टोळ्याच्या टोळ्या आमच्या गाण्यावर उभ्या राहत होत्या. ज्या टोळीत गाणारी बाई नव्हती, तिच्यासाठी ठमाबाई रेडिओतून गात होती. माझ्या स्टेशनचा इतिहास कुणी विचारला तर तो हा आहे. यापुढचा इतिहास मात्र लाजेचा आहे, आणि ती लाज माझी नाही.

अश्विनला नागपूरच्या एका स्टुडिओत काम मिळालं आणि तो गेला. गरज होती, गेला. त्याच्या जागी डोमाजीभाऊंचा पुतण्या आदेश आला, मॅनेजर म्हणून. पुण्याहून शिकून आलेला. वागायला वाईट नव्हता, मला ताई म्हणायचा. पण त्याचं सगळं ज्ञान एका शब्दात मावायचं आणि तो शब्द होता ‘डेड एअर’. रेडिओवर क्षणभरही शांतता झाली तर ती मेलेली हवा, लोक स्टेशन बदलतात, असं त्याला शिकवलं होतं. जिवंत माणसांचा श्वास त्याला मेलेली हवा वाटायचा, याला काय म्हणायचं!

आणि डोमाजीभाऊंची तर धानाची शेती. नजर पोचणार नाही एवढ्या बांध्या. त्यांच्या शेतात रोजीनं बाया येतात. हुंड्यानं, म्हणजे अख्ख्या कामाचे पैसे आधी ठरवून, काम घेतलं असतं तर बायांनी आपल्या सोयीनं केलं असतं; रोजीत मात्र बाई जितकी वाकेल तितका मालकाचा फायदा. धुऱ्यावर छत्री धरून उभे असताना त्यांना दिसलं की आपल्याच रेडिओवरचं गाणं आपल्याच शेतातल्या बायांना दर दोन ओळींनी उभं करतंय. माणसाला याचं हसू आलं असतं. त्यांना त्यात धंदा दिसला.

पुढच्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. सकाळची पाळी करून घरी गेलेली मी दुपारी स्टेशनात परत येऊन चहा घेत होते आणि स्पीकरवर ‘उभी राय’ लागलं. पहिल्यांदा वाटलं, माझेच कान गेले. गाणं पळत होतं. ठमाबाईचा आवाज तोच, पण कुणी मागं लागल्यासारखा. आणि ‘उभी राय माये’ ही ओळच नव्हती. ‘हिरवा जीव’ ला लागून लगेच पुन्हा ‘चिखलाच्या पोटी’. शांतता नाही, श्वास नाही, हर्षाचं हसू नाही. नुसता ढोल बडवत गोल गोल फिरणारं काहीतरी.

मी आदेशच्या खोलीत गेले. “हे काय केलं तू?”

“रिमिक्स आहे, ताई. काकांनी सांगितलं, रोवणीसाठी एनर्जी पाहिजे. सकाळी तुमची पाळी संपल्यापासून लूपवर टाकलंय. फीडबॅक एकदम भारी आहे.”

“कोणाचा फीडबॅक?”

“शेतकऱ्यांचा.”

मी त्याला नको नको ते बोलले. गाण्याचं कंबरडं मोडलंस म्हटलं, ज्या बाईनं विश्वासानं आवाज दिला तिच्या आवाजाचा चाबूक केलास म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही इमोशनल होताय.” डोमाजीभाऊंना फोन लावला तर ते मीटिंगमध्ये. त्यांची मीटिंग धुऱ्यावर चालू होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधीत रिना पडली.

रिना ठमाबाईची मुलगी. डोमाजीभाऊंच्याच गावात दिलेली. बाळंतपणानंतरची तिची ही पहिली रोवणी, बाळ धुऱ्यावरच्या झोळीत. त्या टोळीत गाणारी कुणी नव्हती, आणि धुऱ्यावर डोमाजीभाऊंनी ‘बायांच्या करमणुकीसाठी’ हा भलामोठा स्पीकर लावलेला. सकाळपासून गाणं चालू. बाया वाकलेल्या. गाणं उभं करील तेव्हा उभं राहायचं, हा नेम. गाणं उभं करतच नव्हतं, म्हणून कुणी उभं राहत नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण आमच्या बाया आयुष्यभर त्या नेमानं जगल्या आहेत. त्या गाण्याची वाट पाहत राहिल्या. दुपार कलल्यावर रिना तशीच्या तशी तोंडावर चिखलात गेली. शेजारच्या मयुरीनं केसांना धरून तिचं नाक पाण्याबाहेर काढलं. स्पीकर चालूच होता.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ठमाबाई तिच्या उशाशी होती. रिनाच्या कानात अजून चिखल होता. डॉक्टर म्हणाले, मणका सुजलाय, महिनोन्‌महिने वाकायचं नाही, जिवावरचं थोडक्यात निभावलं. रिनानं डोळे उघडले आणि आईकडे पाहून म्हणाली,

“माय, तू उभी राय म्हणलीच नाई वं. मी वाट पाहून राह्यली होती.”

ठमाबाईला काही कळेना. तिनं ते रिमिक्स ऐकलंच नव्हतं. ती आपल्या टोळीत स्वतःच गायची, तिला रेडिओची गरज काय? मी व्हरांड्यात नेऊन फोनवर तिला ते ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकलं. मग फोन माझ्या हातात ठेवून दिला. “हे मी नाई,” म्हणाली, “माया आवाज आहे, पण हे मी नाई.”

आम्ही तशाच डोमाजीभाऊंकडे गेलो. ठमाबाई त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, तरी त्यांनी बसा म्हटलं नाही.

“काय वं ठमा, काय झालं?”

“भाऊ, माया पोरीचं तुमाले समजलं असन. मले बाकी काई नाई पायजे. मायं गाणं जसं होतं तसं लावा. नाई तर लावूच नका.”

“गाण्यानं कोणी पडते काय? पोरगी कमजोर आहे. अन् गाणं आता तुयं कुठी राह्यलं? संस्थेच्या मशीनवर भरलं, संस्थेचं झालं.”

तिथंच बसलेल्या आदेशनं समजावायच्या सुरात सांगितलं, “बाई, तुमचा आवाज सगळा ठेवलाय. फक्त मधली रिकामी जागा काढली.”

ठमाबाई त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही.

“ते जागा रिकामी नाई, बाबू. तिथी बाया उभ्या राह्यतात.”

आदेश खाली पाहू लागला. डोमाजीभाऊ मात्र हसले. म्हणाले, वाढदिवसाचा कार्यक्रम यंदा थेट माझ्या बांधीतून करणार आहोत, साहेब लोक येणार आहेत, तुझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, लाइव्ह गा, झालं तुझं समाधान? मला वाटलं ही बाई आता त्यांच्या टेबलावरची फुलदाणी उचलून मारते. मी असते तर मारली असती. ठमाबाई म्हणाली, “येतो मी.”

परतताना मी तिच्यावरही भडकले. “कायले हो म्हणलं? तुमच्या पोरीले ज्यानं चिखलात घातलं त्याच्या हातून शाल घेता?”

“शालीचं कोण बोलून राह्यलं?” ती म्हणाली. “लाइव्ह म्हणजे मंदी कोणी कापू शकत नाई ना?”

“नाही.”

“मंग झालं.”

वाढदिवसाच्या दिवशी डोमाजीभाऊंच्या धुऱ्यावर मांडव पडला. पाहुण्यांना खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल. बांधीत त्यांची रोजीची टोळी आणि ठमाबाईची टोळी अशी लांबच लांब रांग, सगळ्यांना आदेशनं एका रंगाचे दुपट्टे दिलेले, म्हणजे फोटोत बरं दिसतं. रिनाही आली होती. कमरेला पट्टा, मांडीवर बाळ, धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोत्यावर बसलेली. तिला कुणी खुर्ची दिली नाही. मी मिक्सरच्या टेबलाशी होते, शेजारी लॅपटॉपवर ते रिमिक्स तयार. आदेशचा हुकूम होता की बाईनं दोन ओळी गायल्या की लगेच रेकॉर्डिंग सोडायचं, म्हणजे साहेबांना रोवणीचा वेग दिसेल.

डोमाजीभाऊंनी इतिहास सांगितला. स्वप्न, दिल्ली, टॉवर. यंदा एक नवं वाक्य जोडलं होतं: “आमच्या रेडिओनं रोवणीचा वेग वाढवला.” टाळ्या पडल्या. मग त्यांनी बूट चिखलाला लागू नयेत म्हणून धुऱ्यावरूनच वाकून बांधीत उभ्या असलेल्या ठमाबाईच्या खांद्यावर शाल टाकली. शालीचं टोक चिखलात गेलं. तिनं ती काढून घडी केली, धुऱ्यावर ठेवली आणि माइक हातात घेतला.

गाणं सुरू झालं. बाया वाकल्या. हिरवी रोपं भराभर पाण्यात उभी राहू लागली. पाहुण्यांनी फोन वर केले.

*उभी राय माये, आता कमरेची घे कीव…*

रांग सरळ झाली. हात कमरेवर, तोंड वर. पाहुणे हसले, त्यांना हा नाचाचा भाग वाटला. ठमाबाईनं रांगेवरून नजर फिरवली. ती रांगेत कुणावरच थांबली नाही. धुऱ्याच्या टोकाला, पोत्यावर जाऊन थांबली. आणि ती गप्प झाली.

आदेश मला खुणा करू लागला. लाव, लाव. मी हात मांडीवर ठेवून बसले. तो टेबलाकडे धावला तेव्हा मी लॅपटॉपची वायर उपटली आणि माझ्या ओटीत घेतली. मला याच्यासाठीच काढलं, आणि मी पुन्हा तेच करीन. “ताई, डेड एअर जातेय!” तो कुजबुजला. घाम आला होता बिचाऱ्याला. जात होती ना! साऱ्या तालुक्यात जात होती. बगळ्यांचा आवाज, कुणाच्या तरी बांगड्या, पाण्यावर वारा. माझा फोन वाजू लागला. रेडिओ बंद पडला काय, असे मेसेज येत होते. पलीकडच्या गावच्या एका टोळीचा आला: “आमी उभ्या आहो. पुढं काय?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. डोमाजीभाऊ पुढं आले. “चला व बायांनो, लागा कामाले!” कुणी हललं नाही. त्यांनी आवाज चढवला. त्यांच्याच रोजीची, त्यांच्याच गावची मयुरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गाणं म्हणलं नाई अजून, भाऊ.” रोजी कापीन म्हणाले. एकही पाठ वाकली नाही. इतके दिवस ज्या नेमानं त्यांनी बायांना वाकवून ठेवलं, तोच नेम आता त्यांच्यासमोर सरळ उभा होता आणि त्यांना त्याचं काही करता येत नव्हतं. राग इतका साचला होता माझ्या मनात, की ते पाहताना मला रडू फुटलं.

शेवटी ते ठमाबाईकडे वळले. माइक चालूच होता, सगळं हवेत जात होतं.

“ठमा, म्हण ना वं पुढचं. किती वेळ ठेवशीन?”

“मले काऊन विचारता भाऊ? जे सगळ्यात थकली तिचा श्वास आल्याबिगर पुढची ओळ येत नाई. रिनाले विचारा.”

डोमाजीभाऊंनी मांडवाकडे पाहिलं. साहेब त्यांच्याकडेच पाहत होते. दुसरा रस्ता नव्हता. ते अरुंद धुऱ्यावरून तोल सांभाळत निघाले. मध्ये एकदा पाय घसरला आणि पांढरा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला, तो तसाच ओढत पोत्यापाशी पोचले. रिनानं मान वर केली. ते काहीतरी ‘काय वं’ म्हणणार होते. मग त्यांनी एकदा त्या उभ्या रांगेकडे पाहिलं.

“काय बाई,” ते म्हणाले, “आला का श्वास?”

रिनानं बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. घाई केली नाही.

“नाई भाऊ,” ती म्हणाली. “अजून नाई आला.”

डोमाजीभाऊ तिथंच उभे राहिले.